छोट्या हस्तव्यवसायासाठी अल्पखर्चाचे संकेतस्थळ

ग्रामीण कारागिराच्या अडचणींचा विचार होतो तेव्हा भांडवल, कच्चा माल आणि बाजारपेठ या तीन गोष्टींचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. भांडवलासाठी बँका व योजना आहेत, कच्चा माल मिळविण्याचे मार्गही बहुधा परिचित असतात. बाजारपेठेची अडचण मात्र वेगळ्या स्वरूपाची आहे. वस्तू कोणाच्या हातची आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि ती अखेर कोणाच्या घरी गेली हे कारागिराला कळत नाही. पुढच्या वर्षी तीच वस्तू पुन्हा हवी असलेला माणूस कारागिरापर्यंत पोहोचू शकत नाही. या दोघांमधील तुटलेला दुवा जोडण्याचे एक साधन म्हणजे संकेतस्थळ, अर्थात सर्वत्र वेबसाइट या नावाने ओळखली जाणारी सोय. ती अल्प खर्चात कशी उभारावी, तीत काय असावे आणि कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

सतवासचे उदाहरण

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. पवार घराण्याच्या या संस्थानांत मराठीचा वावर दीर्घकाळ होता. आजच्या देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नर्मदेच्या उत्तरेस, सतवास हे तहसिलीचे लहान नगर आहे. समजा, अशा नगरात बांबूच्या टोपल्या, सुपे आणि परड्या विणणारे एक कुटुंब आहे. आठवड्याच्या बाजारात त्याचा माल खपतो. परंतु तेथे प्लास्टिकच्या टोपलीशी स्पर्धा असल्याने भाव वाढवून मिळत नाही. इंदूर, भोपाळ किंवा पुणे येथे हाताने विणलेल्या परडीला अधिक मोल देणारी माणसे आहेत. मात्र सतवासला अशी परडी मिळते हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. या कुटुंबाजवळ कौशल्य आहे, एक मोबाइल आहे आणि शाळेत शिकणारी मुले आहेत. एवढ्या सामग्रीवर संकेतस्थळाचा आरंभ होऊ शकतो.

तीन प्रकारच्या जागा

इंटरनेटवर माल मांडण्याच्या जागा स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिली जागा समाजमाध्यमांवरील पानाची. ती विनामूल्य मिळते आणि तिच्यामुळे ओळखी लवकर होतात. परंतु आज टाकलेले छायाचित्र चार दिवसांत खाली जाते, आणि पान कोणाला दाखवावे हे त्या माध्यमाची कंपनी ठरविते.

दुसरी जागा मोठ्या ऑनलाइन बाजाराची. तेथे गिऱ्हाईक आयते येते. मात्र बहुतेक खाजगी बाजार विक्रीवर दलाली घेतात आणि गिऱ्हाइकाशी संबंध मुख्यतः त्या बाजाराचाच राहतो. हातमाग व हस्तकलेच्या वस्तूंसाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘इंडिया हँडमेड’ नावाचा ऑनलाइन बाजार उभारला आहे. त्याची माहिती कारागिराने अवश्य करून घ्यावी.

तिसरी जागा स्वतःच्या संकेतस्थळाची. तेथे आरंभी वर्दळ नसते, ती कष्टाने वाढवावी लागते. परंतु जागेचे नाव, तेथील मजकूर आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांची नोंद ही कारागिराच्या हाती राहते. पहिल्या दोन जागा सोडून देण्याचे कारण नाही. तेथे भेटलेल्या माणसाला स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा, म्हणजे तो माणूस पुढेही सापडतो.

नाव कोणाच्या मालकीचे?

संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी, बहुधा वर्षावर्षाने, शुल्क भरून ते आपल्या नावे नोंदवावे लागते. भारतासाठी राखलेली ‘डॉट इन’ ही नावे २००५ सालापासून सर्वसामान्यांना सहज नोंदविता येऊ लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ ही नावेही उपलब्ध झाली. देवनागरी पत्ता वाचावयास सुलभ असला तरी अनेक मोबाइलवर तो टंकित करणे अवघड जाते, आणि त्यावर आधारलेला ई-मेल सर्वत्र स्वीकारला जात नाही. म्हणून मुख्य पत्ता रोमन अक्षरांतील घेऊन, ऐपत असल्यास देवनागरी पत्ता त्यास जोडून द्यावा.

नाव लहान, उच्चारावयास सोपे आणि एकाच प्रकारे लिहिता येणारे असावे. दूरध्वनीवरून एकदा सांगितले असता ऐकणाऱ्याला बिनचूक लिहून घेता आले, तर ते नाव योग्य समजावे.

या सर्वांहून महत्त्वाची बाब नोंदणीची आहे. अनेकदा संकेतस्थळ करून देणारा तरुण किंवा दुकानदार सोयीसाठी स्वतःच्याच नावे, स्वतःच्याच ई-मेलवर नोंदणी करतो. त्याच्या मनात कपट असतेच असे नाही. परंतु दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावी गेला, त्याचा क्रमांक बदलला किंवा व्यवहारात वितुष्ट आले, की ज्या पत्त्यावर गिऱ्हाईक येऊ लागले होते तो पत्ता कारागिराच्या हातून जातो. घराची जागा दुसऱ्याच्या नावे आणि भिंती आपल्या पैशाच्या, असा हा प्रकार होय. यास्तव पुढील दक्षता प्रत्येकाने घ्यावी.

१. डोमेनची नोंदणी कारागिराच्या किंवा त्याच्या नोंदणीकृत व्यवसायाच्या नावे असावी.
२. नोंदणीतील ई-मेल व मोबाइल क्रमांक कारागिराचा स्वतःचा, चालू असलेला असावा.
३. पासवर्ड वहीत लिहून, महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर घरी ठेवावा.
४. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावी. मुदत संपल्यावर ठरावीक अवधीत शुल्क न भरल्यास ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.
५. शुल्काची पावती जपून ठेवावी.

खर्चाचा अंदाज

डोमेनसाठी वर्षाला काही शे रुपयांपासून सुमारे हजार रुपयांपर्यंत खर्च येतो. पहिल्या वर्षाचे शुल्क पुष्कळदा सवलतीचे असते. दुसऱ्या वर्षापासूनचे शुल्क किती, हे आधी विचारून घ्यावे.

पाने ठेवण्यासाठी जी जागा लागते तिला होस्टिंग म्हणतात. दहा-पंधरा वस्तू आणि चार-पाच पाने एवढाच पसारा असेल तर साधी, न बदलणारी पाने विनामूल्य ठेवू देणाऱ्या सेवा आहेत. वस्तू वारंवार बदलत असतील तर वर्डप्रेससारखी विनामूल्य प्रणाली भाड्याच्या सामाईक जागेवर बसवावी. त्या जागेचे भाडे वर्षाला साधारणतः दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास पडते. महिन्याचे शुल्क घेऊन तयार साचे देणाऱ्या सेवाही आहेत. त्या सोप्या असतात, पण शुल्क थांबले की पानेही थांबतात. म्हणून मजकूर व छायाचित्रे यांची एक प्रत आपल्याजवळ असावीच. पत्त्यापूर्वी कुलुपाचे चिन्ह दिसण्यासाठी जे सुरक्षा प्रमाणपत्र लागते ते आता विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणी वेगळे मोठे शुल्क मागत असेल तर चौकशी करावी.

सतवासच्या कुटुंबाने आरंभी डोमेन तेवढे विकत घ्यावे, पाने विनामूल्य जागेत ठेवावीत आणि वर्षभर अनुभव घ्यावा. कर्ज काढून भपकेदार संकेतस्थळ उभारण्याची आवश्यकता नाही.

पानांवर काय असावे?

प्रथम एका वहीत मालाची यादी करावी. प्रत्येक वस्तूपुढे नाव, लांबी-रुंदी-उंची, वजन, साहित्य, किंमत आणि ती तयार करण्यास लागणारे दिवस लिहावेत. ही वही तयार झाली म्हणजे संकेतस्थळाचे निम्मे काम झाले असे समजावे. त्यानंतर पुढील पाच पाने करावीत: पहिले ओळखीचे, दुसरे वस्तूंचे, तिसरे कलेच्या माहितीचे, चौथे मागणी कशी नोंदवावी याचे आणि पाचवे पत्ता व दूरध्वनीचे.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, सावलीत घ्यावीत. मागे साधे पांढरे कापड असावे. एक छायाचित्र पूर्ण वस्तूचे, एक विणीचे जवळून आणि एक वस्तू हातात धरलेली, अशी तीन पुरेत. हातामुळे आकाराची कल्पना येते. मोबाइलने काढलेली मोठी छायाचित्रे लहान करूनच चढवावीत. जेथे इंटरनेटचा वेग कमी आहे तेथे पान उघडण्यास विलंब झाला तर पाहणारा निघून जातो.

मजकूर युनिकोड देवनागरीत टंकित करावा. जुन्या फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो आणि शोधयंत्राला तो वाचता येत नाही. तसेच सगळा मजकूर चित्रावर छापू नये. ‘बांबूची परडी’ हे शब्द अक्षररूपाने पानावर असतील तरच ते शोधणाऱ्याला ते पान सापडण्याचा संभव आहे. सतवासच्या कारागिराने हिंदीत मुख्य मजकूर द्यावा, आणि महाराष्ट्रातील गिऱ्हाइकासाठी मराठीत व इतरांसाठी इंग्रजीत थोडक्यात माहिती जोडावी. या कामी गावातील शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

कलेची माहिती: बाघ छपाईचा धडा

कलेच्या माहितीचे पान पुष्कळ जण दोन ओळींत उरकतात. प्रत्यक्षात हाताच्या वस्तूची किंमत अधिक का, याचे उत्तर गिऱ्हाइकाला याच पानावर मिळते. धार जिल्ह्यातील बाघ येथील कापडाची छपाई हे याचे उत्तम उदाहरण आहे. मूळचे सिंधमधील असलेले खत्री समाजाचे छपाईकार मारवाड व मनावर येथून १९६२ च्या सुमारास बाघ येथे स्थायिक झाले. बाघिनी नदीचे पाणी या कामास मानवले.

या छपाईचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुती कापड प्रथम धुऊन, शेळीच्या लेंड्या, खडे मीठ व एरंडेल यांच्या मिश्रणात मुरविले जाते. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून ते वाळवितात. लाकडी ठशांनी त्यावर दोन प्रकारची छपाई होते. लोहयुक्त द्रव्याने काळा रंग येतो आणि तुरटीच्या मिश्रणाने लाल. दोन्हींना दाटपणा आणण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरतात. छापलेले कापड काही दिवस मुरू देऊन वाहत्या पाण्यात धुतात आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात धावड्याची फुले व अ‍ॅलिझरीन यांच्यासह उकळतात. तुरटीने छापलेला भाग या उकळीतच लाल होतो.

हे सारे वाचल्यावर त्या कापडाची किंमत यंत्राने छापलेल्या कापडाहून अधिक का, हे वेगळे सांगावे लागत नाही. ठशांच्या सांध्यावर दिसणारा किंचित फरक हा दोष नसून हाताच्या कामाची खूण आहे, हेही त्याच पानावर सांगता येते. बाघ छपाईला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यायोगे या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. तरी खरे व नक्कल यांतील भेद गिऱ्हाइकाला कळला तरच त्या संरक्षणाचा व्यवहारात उपयोग होतो. बांबूच्या कारागिरानेही बांबू केव्हा तोडला, कसा भिजविला, पट्ट्या कशा काढल्या आणि एका परडीला किती वेळ लागला, हे आपल्या शब्दांत सांगावे. माहिती खरी असावी. यंत्राचे साहाय्य घेतले असेल तर तेही लपवू नये.

नावाच्या मोलाचे दुसरे उदाहरण देवासशी राजघराण्याचा जुना संबंध असलेल्या कोल्हापूरचे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्हे त्यात अंतर्भूत आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने तशाच धाटणीच्या चपला सादर केल्या, तेव्हा आरंभी कोल्हापूरचा उल्लेख केला नव्हता. टीका झाल्यावर त्या चपला भारतीय हस्तकलेवरून प्रेरित असल्याचे कंपनीने मान्य केले. आकार आणि नमुना जगभर जाऊ शकतो, पण करणाऱ्याचे नाव त्याबरोबर आपोआप जात नाही. ते नोंदवून ठेवावे लागते. कारागिराचे स्वतःचे संकेतस्थळ ही अशी एक जाहीर नोंद आहे. त्यावर मानांकनाचे बोधचिन्ह वापरावयाचे असेल तर मात्र कारागिराने प्राधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंदणी केलेली असावी.

मागणी, पैसे आणि पाठवणी

आरंभी संकेतस्थळावरच पैसे भरण्याची गुंतागुंतीची व्यवस्था करू नये. गिऱ्हाइकाने दूरध्वनीवर किंवा संदेशाद्वारे मागणी कळवावी, कारागिराने वस्तू शिल्लक आहे का ते पाहून टपालखर्चासह एकूण रक्कम सांगावी आणि यूपीआयद्वारे पैसे स्वीकारावेत. येथे एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. पैसे घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. ‘मोठी मागणी आहे, पैसे पाठवितो, पिन टाका’ असे सांगणारा फसवणूक करीत आहे हे निश्चित समजावे. रक्कम जमा झाल्याची खात्री बँकेच्या खात्यात करावी, समोरच्याने पाठविलेल्या चित्रावर विसंबू नये.

टोपलीसारखी वस्तू वजनाने हलकी, पण जागा अधिक व्यापणारी असते. अशा पार्सलचा आकार मोजूनही शुल्क आकारले जाऊ शकते. म्हणून किंमत जाहीर करण्यापूर्वी एक नमुना बांधून टपाल कार्यालयात प्रत्यक्ष शुल्क विचारावे. एकात एक बसणाऱ्या तीन परड्यांचा संच केल्यास पाठवणीचा खर्च वाचतो. परदेशी माल पाठविण्यासाठी टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. त्यांची चौकशी पुढील टप्प्यात करावी.

नियमांचे पालन

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, वस्तूची एकूण किंमत, परत घेण्याच्या अटी आणि तक्रारीसाठी संपर्क स्पष्टपणे दिले पाहिजेत. ही माहिती दिल्याने गिऱ्हाइकाचा विश्वासही वाढतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीबाबत हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलती आहेत. त्या वस्तूच्या प्रकारावर आणि उलाढालीवर अवलंबून असल्याने परराज्यात विक्री सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या उद्योग केंद्रात किंवा जाणकार कर सल्लागाराकडे विचारणा करावी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून टोपल्या-चटया विणणारे, कुंभार, चर्मकार व खेळणी करणारे हे त्यांत येतात. प्रशिक्षण व अवजारांच्या साहाय्याबरोबर डिजिटल व्यवहारांनाही त्या योजनेत प्रोत्साहन आहे.

संकेतस्थळ झाल्यानंतर

संकेतस्थळ उघडले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येईल, ही समजूत चुकीची आहे. पत्ता वस्तूच्या चिठ्ठीवर, पिशवीवर, पावतीवर आणि प्रदर्शनातील फलकावर छापावा. पहिली मागणी बहुधा जुन्या गिऱ्हाइकाकडून किंवा त्याच्या नातलगाकडूनच येते. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी अर्धा तास काढून संपलेल्या वस्तू काढाव्यात, किमती तपासाव्यात आणि दिलेला दूरध्वनी क्रमांक चालू आहे ना हे पाहावे. विचारणेस शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्यावे. नकार असला तरी तो कळवावा. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आमचा पत्ता कोठे मिळाला?’ असे विचारून उत्तर वहीत लिहावे. वर्षाअखेर या वहीवरूनच खर्च वसूल झाला की नाही आणि पुढे काय वाढवावे, हे ठरविता येईल.

एकट्या कुटुंबास हे जड वाटत असेल तर पाच-सहा कारागिरांनी किंवा बचतगटाने एकत्र यावे. तसे करताना डोमेन कोणाच्या नावे राहील, विचारणेस उत्तर कोण देईल, मागणीची वाटणी कशी होईल आणि गट सोडणाऱ्याचे काय, हे ठराव करून आधीच लिहून ठेवावे. प्रत्येक वस्तूखाली ती करणाऱ्याचे नाव असावे.

शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून गावातील एका कारागिराच्या मालाची यादी, मापे, छायाचित्रे आणि कामाचे वर्णन तयार करून घेतल्यास भाषा, गणित व कार्यानुभव या तिन्हींचा अभ्यास होईल. ग्रामपंचायत, नगर परिषद व सामाईक सेवा केंद्र यांनी नोंदणीच्या कामी साहाय्य करावे. एखाद्या योजनेतून संकेतस्थळे करून दिली जात असतील, तर काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात: नोंदणी कारागिराच्या नावे आहे काय, पासवर्ड त्याच्या हाती आहे काय, आणि एक किंमत बदलून दाखव म्हटले असता त्याला किंवा त्याच्या घरातील कोणाला ती बदलता येते काय. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच ते संकेतस्थळ त्या कारागिराचे झाले असे म्हणता येईल.